दरड पडायच्या आधी आम्ही नेमके कोणत्या खात्यात येतो?

मंत्रालयातल्या मदत व पुनर्वसन, महसूल, वन, आदिवासी विकास, ग्रामविकास आणि कागदावर ज्यांना "संबंधित" म्हणतात त्या सगळ्या खात्यांच्या साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

सगळ्यांना एकाच पत्रात घेतलंय त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण खालच्या ऑफिसांना वेगवेगळे अर्ज करून झालेत आणि सगळीकडनं एकच उत्तर, की हा विषय आमच्या अखत्यारीत नाही, आपला अर्ज अमुक कार्यालयाकडे वर्ग केला आहे. शाळेत आकड्याचा वर्ग केला की आकडा वाढायचा, इथं अर्ज वर्ग केला की गायबच होतो. म्हणून म्हटलं एकदमच सगळ्यांना लिहावं, मग वर्ग करायला जागाच उरणार नाही.

मी रायगड जिल्ह्यातला. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की "सदर वाडीबाबत" चौकशी लागेल, तलाठी भाऊसाहेबांना दोन फोन जातील, ते बिचारे मोटरसायकल खाली लावून चिखलातनं वर येतील, चार फोटो काढतील आणि विषय संपेल. चाळीसेक घरं आहेत, निम्मी कुणब्यांची निम्मी ठाकरांची, मागं डोंगर आणि पुढं भाताची खाचरं. मी आयटीआय केलेला फिटर, एमआयडीसीत शिफ्टला जातो, वकील बिकील नाही. पुढं कायद्याचं जे काय लिहिलंय ते माहिती अधिकारात मिळालेले कागद आणि रात्रपाळीला मोबाईलवर वाचलेले कायदे यावरनं लिहिलंय.

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात कोतवाल नोटीस घेऊन येतो. मजकूर ठरलेला, तुमचं घर दरडप्रवण भागात आहे, अतिवृष्टीच्या काळात स्वतःहून सुरक्षित स्थळी जावं, न गेल्यास होणाऱ्या हानीला तुम्ही स्वतः जबाबदार. खाली सही घेतात. आईनं सगळ्या नोटिसा पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाखाली घडी घालून ठेवल्यात, अकरा झाल्या. तिला वाचता येत नाही, सरकारी शिक्का आहे म्हणजे कधीतरी कामाला येईल असं तिचं म्हणणं. कागद कामाचा आहेच, पण तो देणाऱ्याच्या कामाचा, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. उद्या डोंगर खाली आला तर टीव्हीवर सांगायला बरं, आम्ही नोटीस दिली होती.

आणि सुरक्षित स्थळ म्हणजे कुठं, ते अकरापैकी एकाही नोटिशीत लिहिलेलं नाही.

२०२१ च्या जुलैत आम्ही खरंच खाली गेलो होतो हे पण सांगतो, नाहीतर म्हणाल लोकच ऐकत नाहीत. शाळेच्या दोन खोल्यांत चाळीस घरं, एक संडास, नऊ दिवस. लावणीचे दिवस होते, आवण तयार होतं, ते लावलं नाही तर वर्षाचं भात गेलं. गुरं कुठं बांधायची ते कोणी सांगितलं नाही म्हणून प्रत्येक घरातला एक माणूस रोज भर पावसात वर जायचा गुरं सोडायला आणि बांधायला, म्हणजे बायकापोरं खाली आणि कमावता माणूस दरडीखाली. आणि ती शाळा, साहेब, त्याच डोंगराच्या पायथ्याला आहे, वाडीपासनं हाकेच्या अंतरावर. दहाव्या दिवशी लोक आपले परत घरी आले, मी पण आलो.

तेव्हाच तिकडं तळिये झालं होतं. २२ जुलैला संध्याकाळी महाड तालुक्यातलं तळिये डोंगराखाली गेलं, ऐंशीच्या वर माणसं. त्याच दिवशी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच एक-दोन दिवसांत पोलादपूरला केवनाळे आणि साखर सुतारवाडी, खेडला पोसरे, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे, सगळीकडं दरडी. महाड शहर पाण्याखाली, रस्ते बंद, मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याच्याआधी २०१४ ला ३० जुलैला माळीण, १५१ माणसं, सकाळी एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही तेव्हा बाकीच्यांना कळलं. आणि त्याच्याही आधी २००५ चा २५-२६ जुलै, मुंबईवाल्यांना तो दिवस तुंबलेल्या पाण्यासाठी लक्षात आहे, आमच्या जिल्ह्याला तो जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवतेच्या दरडींसाठी लक्षात आहे. मी तेव्हा सातवीत होतो. पुढं कितीतरी वर्षं मुंबई-गोवा हायवेनं जाताना दासगावच्या लोकांच्या पत्र्याच्या शेड दिसायच्या आणि बसमधलं कोणीतरी दरवेळी म्हणायचं, अजून इथंच आहेत होय हे.

मग २०२३, १९ जुलैची रात्र, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला आणि त्यांना मृत धरलं. वर जायला रस्ताच नव्हता, जेसीबी चढेना, लोकांनी हातांनी आणि फावड्यांनी माती उपसली. रात्री मदतीला चढताना नवी मुंबई फायर ब्रिगेडचे एक अधिकारी हार्ट अटॅकनं गेले. दुसऱ्या दिवशी फडणवीस साहेबांनी विधानसभेत सांगितलं की इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. त्या बातमीवर मी कँटीनमध्ये चहा तसाच ठेवून बराच वेळ बसून राहिलो. म्हणजे यादीत नसाल तर नोटीस पण नाही, आणि आमच्यासारखे यादीत असाल तर फक्त नोटीस. मग ती यादी नक्की कशाची आहे?

यादीमागं नकाशा असतो. जीएसआयनं (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) देशभराचा दरडींचा जो नकाशा केला तो एकास पन्नास हजार या मापाचा. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. मी कंपनीत व्हर्नियर धरून मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजतो, त्या हिशोबानं बघितलं तर आमची अख्खी वाडी त्या नकाशावर तांदळाच्या दाण्याएवढी होते, आणि आमच्या घरामागच्या डोंगराला जी भेग आहे (तिच्यावर पुढं येतो) ती तर काढताच येणार नाही. यात नकाशा करणाऱ्यांची चूक नाही, असा नकाशा मोठ्या भागाचा अंदाज यायला असतो, प्रत्येक वस्तीला जाऊन वेगळी तपासणी करावी लागते. ती तपासणी दरवर्षी करणं हे नाव घेऊन कुणाचं काम आहे, एवढंच मला कुठल्या कागदात सापडलं नाही. भूवैज्ञानिक येतात, मागितलं की येतात, एकदा आमच्याकडे पण आले होते, भला माणूस, डोंगर सगळा फिरला, रिपोर्ट पाठवतो म्हणाला. पाठवला पण असणार. कुणाला पाठवला ते विचारलं तर अर्ज वर्ग झाला.

आता कायदा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, म्हणजे जुई-दासगाव ज्या वर्षी गेलं त्याच वर्षीचा. त्यात आपत्ती व्यवस्थापन म्हणजे काय याची यादी दिलीय, त्यात पहिलं कलम धोका होऊच न देणं, मग तो कमी करणं, मग तयारी, आणि असं खाली खाली जात शेवटाला मदत आणि पुनर्वसन. प्रत्यक्षात आम्हाला ही यादी खालनं वर वाचल्यासारखी भेटते आणि वरच्या नंबरापर्यंत कोण पोचतच नाही. जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार भरपूर आहेत, माणसं हलवू शकतात, रस्ते बंद करू शकतात, वाहनं ताब्यात घेऊ शकतात, न ऐकणाऱ्यावर केस करू शकतात. हे सगळं पाऊस पडत असताना. उन्हाळ्यात, म्हणजे जेव्हा घरं बांधता येतात तेव्हा, चाळीस घरांना कायमची दुसरी जागा द्या असं सांगणारं, मुदत घालणारं, न दिल्यास कुणाला तरी जाब विचारणारं एक पण कलम नाही.

धरणग्रस्ताला महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे, पहिला १९७६ ला आला, आत्ताचा १९९९ चा. लाभक्षेत्रात जमीन, गावठाणात प्लॉट, नागरी सुविधा, सगळं कलमांत बांधलेलं. (कायदा असून कोयनावाले अजून मोर्चे काढतायत ते माहितीय मला, तरी त्यांच्याकडे बोट ठेवायला कलम आहे.) दरडग्रस्ताला काय, तर जीआर. तळियेचा वेगळा, इर्शाळवाडीचा वेगळा, प्रत्येक दरडीनंतर नव्यानं बैठक, एकीकडं म्हाडा, दुसरीकडं सिडको, तोपर्यंत लोक कंटेनरमध्ये. आणि ज्याच्यावर अजून दरड पडलीच नाही तो तर दरडग्रस्तही नाही. तो कोण आहे? त्याच्यासाठी कायद्यात शब्दच नाही. आम्ही "संभाव्य" आहोत. संभाव्य माणसाला प्लॉट मिळत नाही.

जागेचं बोलूया, खरी अडचण तीच आहे. आमच्या आसपास जमीन तीन जातीची, वनखात्याची, गुरचरण आणि खाजगी.

खाजगी म्हणजे आता बहुतेक मुंबई-पुण्याच्या लोकांची, फार्महाऊसवाल्यांची, गुंठ्याचा भाव ऐकला की आमची माणसं हसतात. सरकारला घ्यायची तर २०१३ चा भूसंपादन कायदा, त्यात तातडीचं कलम आहे, चाळीस नंबरचं, नैसर्गिक आपत्तीमुळं उद्भवलेली आणीबाणी असेल तर झटपट जमीन घेता येते. एका ऑफिसात मी हे कलम छापून घेऊन गेलो. तिथले क्लार्क हुशार होते, त्यांनी "उद्भवलेली" या शब्दावर पेन ठेवला आणि म्हणाले, उद्भवू तर दे. वाईट बोलायचं म्हणून बोलले नाहीत ते, फाईलवर काय शेरा पडेल तेच त्यांनी आधी सांगितलं.

गुरचरण मागितली तर सुप्रीम कोर्टाचा २०११ चा निकाल दाखवतात, जगपाल सिंग केसचा, गावाच्या सामाईक जमिनी कुणाला देऊ नका असा, आणि त्यावरनं आपल्या राज्यानं त्याच वर्षी काढलेला जीआर. निकाल चांगलाच आहे, बिल्डर लोक गायरानं खात होते ते थांबावं म्हणून आलेला. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांसाठी अपवादाची वाट ठेवलीय, ती शेवटच्या परिच्छेदांत आहे, तेवढं खाली कोण वाचत नाही वाटतं.

राहिली वनखात्याची, आणि आमच्याकडं जास्त तीच आहे, वाडीपासनं खाली सपाटीला, रस्त्याला लागून, जिथं कुणीही समजदार माणूस म्हणेल की इथं वसवा यांना. १९८० चा वनसंवर्धन कायदा म्हणतो केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला देता येणार नाही. बरं. मग २००६ चा वनहक्क कायदा बघितला, त्यात कलम ३(२) आहे, ग्रामसभेनं ठराव केला तर एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन गावाच्या कामाला देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर, परवानगी खालच्या लेव्हललाच होते, दिल्लीला जायला लागत नाही. मी खूश झालो, चाळीस घरांना किती लागते जागा. मग कामांची यादी वाचली. तेरा कामं आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, तलाव, पाण्याची लाईन, रस्ता, समाजमंदिर वगैरे. घर नाही. म्हणजे वनजमिनीवर आमच्या पोरांची शाळा होऊ शकते, आमचं रेशन दुकान होऊ शकतं, आम्ही जमायला समाजमंदिर होऊ शकतं, फक्त राहायला आम्ही वर दरडीखालीच जायचं.

पुढचं तर अजून भारी आहे. सप्टेंबर २०२० ला राज्यपालांनी अधिसूचना काढली, वनहक्क कायद्यात बदल करून आदिवासी आणि इतर वननिवासी कुटुंबांना शेजारच्या वनजमिनीवर घर बांधता येईल अशी. नेमकं आम्हाला हवं तेच. पण राज्यपालांना हा अधिकार संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे तो फक्त अनुसूचित क्षेत्रात चालतो, आणि महाराष्ट्राचं अनुसूचित क्षेत्र कुठलं ते १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरलंय. त्यात पालघर-ठाण्याचा भाग आहे, नाशिक आहे, नंदुरबार आहे, गडचिरोली आहे, पुणे जिल्ह्यात आंबेगाव-जुन्नरचा भाग आहे. रायगड नाही. ठाकर आहेत, कातकरी आहेत, वाड्या आहेत, दरडी आहेत, पण अनुसूचित क्षेत्र नाही. घाटाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याला घर मिळू शकतं आणि घाटाच्या खालच्या अंगाला, जिथं दगड येऊन पडतो, तिथल्याला नाही. मी हे आमच्या शेजारच्या ठाकर म्हाताऱ्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, मग डोंगराला सांग की वरच्या बाजूला पड.

कातकऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या कितीतरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर, घराखालच्या जागेचा सातबारा भलत्याच्या नावावर, त्यामुळं उद्या पुनर्वसनाची यादी झाली तरी पहिला प्रश्न येणार, मालकीचा पुरावा काय.

एवढी सगळी परवानगी आम्हाला लागते, आता डोंगर फोडायला काय लागते ते बघा. आमच्या वरच्या उतारावर तीन वर्षांत पाच ठिकाणी जेसीबी चालला, फार्महाऊसला वर रस्ता हवा, व्ह्यू हवा. प्रत्येकाचा तुकडा छोटा, म्हणून कुठल्याच मोठ्या परवानगीच्या जाळ्यात येत नाही. पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह झोनचा (पर्यावरणासाठी जपायच्या भागाचा) मसुदा २०१४ पासनं निघतोय, मुदत संपते, परत निघतो, सहाव्यांदा निघाला तो ३१ जुलै २०२४ ला, केरळात वायनाडला दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्रातली २,१३३ गावं आहेत. गावोगावी सांगत फिरतात की हा झोन आला की तुम्हाला घराला कौल पण बदलता येणार नाही, आणि लोक घाबरून विरोधाचे ठराव करतात. मसुदा वाचला तर बंदी आहे खाणींवर, क्वारीवर, वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांवर. आमच्या कौलांवर नाही. फार्महाऊसवर पण नाही, हेही खरंच.

खोटं कशाला बोलू, त्या पाचातल्या दोन जमिनी आमच्याच भावकीनं विकलेल्या आहेत. एकाच्या मुलीचं लग्न होतं, दुसऱ्याला बुलेट घ्यायची होती.

पैशाचं थोडक्यात. मेल्यावर काय द्यायचं त्याचा दर पक्का आहे, केंद्राच्या निकषात माणशी ४ लाख, तळियेला आणि इर्शाळवाडीला राज्यानं ५ लाख जाहीर केले. त्याला बैठक लागत नाही, हेड (खर्चाचं खातं) तयार असतं. जिवंत माणूस हलवायचं हेड बरीच वर्षं नव्हतंच, ते पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ला आणलं, आपत्ती निधीतला २० टक्के हिस्सा धोका कमी करण्यासाठी वेगळा काढायचा. चांगली गोष्ट झाली. पण त्यातनं पैसा मागायला प्रस्ताव लागतो, तांत्रिक अहवाल लागतो, जागा निश्चित लागते, आणि जागेचं वर सांगितलंच. आमच्या ग्रामसेवकांकडं तीन ग्रामपंचायतींचा चार्ज आहे, ते डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) कधी लिहिणार. बचावाचं पण तसंच, राज्यानं स्वतःचं एसडीआरएफ (आपत्तीत बचाव करणारं दल) उभं केलं ते धुळ्याला आणि नागपूरला. आम्हाला दरडीतनं पहिल्यांदा बाहेर काढणारी माणसं म्हणजे शेजारच्या गावातली पोरं आणि ट्रेकिंगवाले ग्रुप, त्यांचा आभारी आहे, पण सरकार म्हणून हा प्लॅन असेल तर तसं लिहून द्या.

केरळचं एक सांगतो. वायनाडनंतर तिथल्या सरकारनं टाऊनशिपसाठी चहामळ्यांची जमीन आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालीच ताब्यात घ्यायची ठरवली, मळेवाले कोर्टात गेले, हायकोर्टानं २७ डिसेंबर २०२४ ला सरकारच्या बाजूनं निकाल दिला, भरपाई द्या आणि घ्या म्हणून. म्हणजे आपण जो कायदा नोटिशीपुरता वापरतो त्याच कायद्यातनं जमीनही निघते, मनात असलं तर. पण हे लिहितानाही लक्षात येतं की उदाहरण मिळालं तेसुद्धा माणसं गेल्यानंतरचंच मिळालं.

आता त्या भेगेबद्दल.

आमच्या कंपनीत नियर मिस नावाचं रजिस्टर असतं. वरनं पाना पडला, कुणाला लागला नाही, तरी लिहायचं, लिहिलं की चोवीस तासांत सेफ्टी ऑफिसरनं बघायला यायचं आणि त्यानं सही केल्याशिवाय काम चालू करायचं नाही. लागला नाही म्हणून सोडून दिलं तर सुपरवायझरला मेमो. कंपनी काय धर्मादाय नाही, तिला माहितीय की आज न लागलेला पाना उद्या लागतो.

२०१९ च्या ऑगस्टात आमच्याकडं रात्री वरनं एक धोंडा आला, म्हशीएवढा. शेवटच्या घराच्या मागं आंब्याचं जुनं झाड आहे त्याला येऊन अडकला, अजून तिथंच आहे, पोरं त्याच्यावर बसून मोबाईल बघतात कारण तिथं रेंज येते. सकाळी आम्ही कळवलं. पंचनामा झाला. घराचं नुकसान निरंक, पिकाचं नुकसान निरंक, जनावरं निरंक, मनुष्यहानी निरंक. निरंक म्हणून फाईल बंद. ज्या कागदावर लिहायला पाहिजे होतं की डोंगर सुटायला लागलाय, त्या कागदावर तसा रकानाच नव्हता. भाऊसाहेब म्हणाले, झाडाचं लिहू का, फळझाडाला काहीतरी बसतं.

त्यानंतर मी आणि ठाकरांचा एक पोरगा वर गेलो तर माथ्याच्या खाली आडवी भेग, गवतात झाकलेली, हात जाईल एवढी. मी दोन्ही बाजूंना लोखंडी गज ठोकले आणि टेपनं अंतर मोजलं, ४६ सेंटिमीटर. तेव्हापासनं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजतो, शंभर पानी वहीत तारीख घालून लिहितो. यंदापर्यंत उन्हाळ्यात काडीचा फरक नव्हता. प्रत्येक पावसाळ्यात वाढतं, एका वर्षी एक सेंटिमीटर, एका वर्षी तीन. मागच्या दिवाळीला ५५ होतं. फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतो, वर्षभर एका साहेबांना पाठवायचो, ते "ओके नोटेड" म्हणायचे, मग त्यांची बदली झाली, नवीन साहेबांनी नंबर ब्लॉक केला असावा कारण एकच टिक येते. त्यांना दोष देत नाही. माझी वही बघणं हे त्यांचं काम आहे असं कुठल्या कायद्यात लिहिलंय? कुठंच नाही, मी शोधलं.

म्हणून मागणं असं आहे. नोटीस द्यायचीच तर तिच्यात जायच्या जागेचा गट नंबर घाला, गुरांच्या जागेसकट, आणि ती जागा डोंगराच्या पायथ्याची नसावी, नाहीतर नोटीस काढायचाच अधिकार नसावा. वनहक्क कायद्याच्या त्या तेरा कामांत चौदावं काम घाला, सरकारनंच लेखी धोकादायक ठरवलेल्या वस्तीसाठी घरं, त्याला दिल्लीत बोलावं लागेल, बोला, आणि ठरलंच तर रायगडला पण धरा. धरणग्रस्तासारखा आमच्यासाठी एक कायदा करा ज्यात दरड पडायची अट नसेल. नवीन जागा द्याल ती पण तपासून द्या, माळीणवाल्यांना आमड्याला नवं गाव मिळालं एप्रिल २०१७ ला आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते आणि भिंती खचल्या. आणि घर खाली दिलं म्हणून वरचा वनपट्टा (वनहक्कातली कसायची जमीन) काढून घेऊ नका, रात्री झोपायला खाली येऊ, पण नाचणी-वरी तिथंच पिकते, पोट तिथंच आहे. आणि पंचनाम्याच्या फॉर्मात एक रकाना वाढवा, काय होता होता राहिलं, आणि त्या रकान्यावर ठराविक दिवसांत वर येऊन सही करणारा माणूस नेमा. भूवैज्ञानिकच हवा असं नाही, शिकवलेला माणूस असला तरी चालेल, पण त्याचं नाव लिहिलेलं असावं.

काही लोक म्हणतील आमच्यातलेच खाली यायला तयार नाहीत. आहेत तसे, आमची आईच नाही. तिला सिडकोच्या कॉलनीचे फोटो दाखवले तर विचारते चूल कुठं मांडायची आणि शेण कुठं टाकायचं. तिच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला कोणीतरी मार्चमध्ये येऊन बसावं लागेल, जूनमध्ये पोलीस घेऊन येऊन होत नाही.

सोबत वहीच्या सगळ्या पानांची झेरॉक्स आणि अकरा नोटिशींच्या प्रती जोडतोय. वहीतली शेवटची नोंद गेल्या रविवारची आहे, ५५.५, आणि अजून पाऊस सुरू व्हायचाय. पत्र ज्यांच्या हातात पडेल त्यांनी वर्ग करण्याआधी एकदा पान पलटून आकडे बघावेत, आणि नाव, हुद्दा, तारीख टाकून पोच द्यावी.

आपला,
दरडप्रवण क्षेत्रातला एक रहिवासी, रायगड